‘दूतावास म्हणजे आपलीच जमीन, तिथे जाऊन बसा’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो

ठाण्यापासून खारघरपर्यंतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: ज्या देशाशी भारताचे संबंध बिघडतील, तिथल्या आपल्या माणसांनी लगेच सामान घेऊन भारतीय दूतावासात जाऊन बसावं. कारणं चार. दूतावासाची जमीन भारताची असते. तिथे आपले कमांडो पहारा देतात, स्थानिक पोलिसांचा काही संबंध नसतो. संबंध तुटले की तिथलं सरकार दूतावास ताब्यात घेतं, म्हणून उशीर करू नये. आणि अधिकाऱ्यांना देशाबाहेर काढलं की युद्ध ठरलेलंच. ऐरोलीच्या माझ्या मावशीने हे वाचून आखातात नोकरीला असलेल्या मुलाला फोन केला, ‘बॅग भर आणि निघ’. मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकानेही एवढा विचार केला नाही, की तिसरा मुद्दा खरा असेल तर पहिला आपोआप खोटा ठरतो.

आधी जमीन. राजनैतिक संबंधांवरचा १९६१ चा व्हिएन्ना करार हा या विषयातला पाया आहे. भारताने १९७२ मध्ये कायदा करून तो देशात लागू केला. त्यात दूतावासाची जागा परकी जमीन असल्याचं कुठेही म्हटलेलं नाही. जमीन यजमान देशाचीच, कायदाही त्याचाच. मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे ते एवढंच, की कलम २२ प्रमाणे दूतावासप्रमुखाच्या परवानगीशिवाय पोलीस आत पाऊल टाकू शकत नाहीत. आणि हे बंधन कडक आहे. एप्रिल १९८४ मध्ये लंडनमधल्या लिबियाच्या दूतावासातून गोळ्या झाडल्या गेल्या आणि बाहेर बंदोबस्ताला असलेल्या इव्हॉन फ्लेचर या महिला पोलिसाचा जीव गेला. तरीही ब्रिटिश पोलिसांनी ११ दिवस वेढा घातला, आत घुसले नाहीत, आणि शेवटी आतल्यांना देशाबाहेर जाऊ दिलं. पण एप्रिल २०२४ मध्ये एक्वादोरच्या पोलिसांनी क्विटोमधल्या मेक्सिकोच्या दूतावासात घुसून तिथे आश्रय घेतलेल्या माजी उपराष्ट्राध्यक्षाला उचललं. करार मोडायचाच असं एखाद्या सरकारने ठरवलं, तर त्या रात्री त्याला अडवणारं कोणी नसतं.

आता कमांडो. मेसेजमधला सगळ्यात चुकीचा मुद्दा हाच. त्याच कलम २२ मध्ये लिहिलंय, की घुसखोरी आणि नुकसानीपासून दूतावासाचं रक्षण करणं हे यजमान देशाचं खास कर्तव्य आहे. म्हणजे बाहेरचं कडं स्थानिक पोलिसांचंच. आपली माणसं असलीच तर कुंपणाच्या आत असतात आणि मोजकी असतात. काबूलमध्ये आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे) जवान होते, पण तो अपवाद. प्रत्येक दूतावासात कमांडोंची तुकडी असते, ही समजूत डोक्यातून काढा.

दूतावासाची सगळी बांधणी वेळ मिळवण्यासाठी असते. अमेरिकेने १९९९ मध्ये कायदाच केला, की नवी इमारत कुंपणापासून किमान १०० फूट आत हवी, कारण स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. वाहनं अडवणारे त्यांचे जाड अडथळे ताशी ८० किलोमीटर वेगाने आलेला ६,८०० किलोचा ट्रक थांबवतील अशा हिशोबाने तपासलेले असतात. गाडी आत घेताना दोन फाटकं असतात, पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. दारांनाही मिनिटांचे दर्जे असतात: जमावाने हातोडे-पहारी घेऊन तोडायला घेतलं तर ५, १५ किंवा ६० मिनिटं टिकणारी. पण साठ मिनिटांनंतर कोण येणार? यजमान देशाचे पोलीस. तेच आले नाहीत तर दार कितीही जाड असो, उपयोग शून्य. तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासात ४ नोव्हेंबर १९७९ ला हेच झालं. आतल्या मरीन सैनिकांनी अश्रुधूर सोडला, वेळ काढला, मदत मागितली, ती आलीच नाही. ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले. आतल्यांनी घाईघाईने यंत्रातून कापलेले कागद नंतर पट्टीला पट्टी जुळवून पुन्हा वाचले गेले, कारण ते यंत्र फक्त लांब पट्ट्या कापणारं होतं.

संबंध ताणले की हल्ला करावाच लागतो असंही नाही, बंदोबस्त पातळ केला तरी पुरे. १९ मार्च २०२३ ला लंडनमधल्या आपल्या उच्चायुक्तालयावरचा (राष्ट्रकुल देशांत दूतावासाला हेच म्हणतात) तिरंगा खाली खेचला गेला, तेव्हा पोलीस होते कुठे, असा जाब भारताने विचारला. तीनच दिवसांत दिल्लीतल्या ब्रिटिश उच्चायुक्तालयाबाहेरचे बॅरिकेड हटले. आपल्याकडेही चूक होते: २ डिसेंबर २०२४ ला आगरतळ्यात बांगलादेशच्या कार्यालयात जमाव घुसला, भारताला खेद व्यक्त करावा लागला, काही पोलिसांवर कारवाई झाली. आणि कुंपणाबाहेर तर अधिकारीही उघडाच असतो. पुण्यातला म्हात्रे पूल ज्यांच्या नावाने आहे, ते रवींद्र म्हात्रे फेब्रुवारी १९८४ मध्ये बर्मिंगहॅमला घरी परतताना रस्त्यातून पळवले गेले आणि मारले गेले.

म्हणूनच ‘जाऊन बसा’ हे वाक्य वाचून संताप येतो. तणावाच्या काळात दूतावासाचं फाटक हीच सगळ्यात धोक्याची जागा असते. काबूलमध्ये ७ जुलै २००८ ला आपल्या दूतावासाच्या फाटकावर कारबॉम्ब फुटला, ५०हून अधिक माणसं गेली. त्यात आपले दोन अधिकारी आणि आयटीबीपीचे दोन जवान होतेच, पण कितीतरी जण व्हिसाच्या रांगेत उभे असलेले साधे अफगाण होते. एप्रिल २०२३ मध्ये सुदानच्या राजधानीत, खार्टूमला लढाई पेटली तेव्हा आपला दूतावास विमानतळाजवळ, ऐन धुमश्चक्रीत होता. त्या इमारतीत कोणीच नव्हतं, अधिकारी दुसरीकडून काम करत होते. तिथे बॅग घेऊन गेलेल्याला बंद दार आणि गोळीबार मिळाला असता. सुटका झाली ती पोर्ट सुदानहून जेद्दामार्गे. १९९० मध्ये कुवेत ताब्यात घेतल्यावर इराकने तिथले दूतावास बंद करायला लावले, जे थांबले त्यांचं पाणी आणि वीज तोडली. १,७०,०००हून अधिक भारतीय परतले ते बसने बगदादमार्गे अम्मानला जाऊन, तिथून विमानाने. सुटकेची जागा बहुतेक वेळा दूतावास नसतेच, एखादं बंदर किंवा शेजारच्या देशातला विमानतळ असतो, आणि ती ऐनवेळी ठरते.

शिवाय सौदीत काम सोडून न सांगता निघालेल्यावर मालक हुरूब, म्हणजे कामावरून पळाल्याची नोंद, लावू शकतो, आणि मग देश सोडण्याची परवानगी अडकते. जहाजावरच्या मुलांना शोअर पासशिवाय (किनाऱ्यावर उतरण्याच्या परवान्याशिवाय) बंदराबाहेर पडता येत नाही, त्यांनी कप्तान आणि भरती करणाऱ्या परवानाधारक कंपनीशी बोलावं.

दूतावासाच्या संकेतस्थळावर नाव, मोबाइल, राहण्याचा पत्ता आणि घरच्यांचा नंबर नोंदवा, सूचना त्यावरूनच येतात. पासपोर्ट आणि निवास परवान्याची प्रत फोनमध्ये आणि भारतात घरीही ठेवा. पासपोर्ट मालकाकडे अडकला असेल तर भारतात परतण्यापुरतं एकेरी प्रवासाचं इमर्जन्सी सर्टिफिकेट दूतावास देतो, आणि हातात प्रत असली की ते लवकर निघतं. स्फोट ऐकू आला तर खिडकीकडे धावू नका. नैरोबीत १९९८ मध्ये अमेरिकी दूतावासावरच्या हल्ल्यात आधीचा छोटा आवाज ऐकून लोक खिडक्यांशी गेले, मग मोठा स्फोट झाला आणि फुटलेल्या काचांनी शेकडो जखमी झाले.

मेसेजमधल्या जप्तीबद्दल: व्हिएन्ना कराराच्या कलम ४५ प्रमाणे संबंध तुटले, अगदी युद्ध झालं, तरी इमारत आणि कागदपत्रं सांभाळणं यजमानावर बंधनकारक आहे, आणि देखरेख तिसऱ्या देशाकडे देता येते. इराणमध्ये अमेरिकेचं काम १९८० पासून स्वित्झर्लंड बघतं.

हकालपट्टीबद्दल: कलम ९ प्रमाणे कारण न देता कुणालाही परत पाठवता येतं. जून २०२० मध्ये भारताने पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयाचं मनुष्यबळ निम्मं करायला लावलं, युद्ध झालं नाही. २०२३ मध्ये कॅनडाने भारतातले ४१ अधिकारी परत नेले, परिणाम झाला तो व्हिसाच्या कामावर. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली आणि इस्लामाबादमधल्या उच्चायुक्तालयांतली संख्या ५५ वरून ३० करायचं ठरलं आणि पुढच्या महिन्यात भारत-पाकिस्तानात चार दिवसांचा संघर्ष झाला, हे खरं आहे. पण त्या चार दिवसांतही दोन्ही उच्चायुक्तालयं बंद झाली नव्हती.