समानतेचं बजेट, एक रुपयाही न हलवता

इंदूरमधल्या तुमच्या मराठी संस्थेकडे शाळा आहे, सभागृह आहे, मुलांचं वसतिगृह आहे आणि आता एका देणगीदाराचं पत्रही आहे: पुढच्या वर्षीचं बजेट स्त्री-पुरुष समानतेच्या दृष्टीने करून पाठवा. खजिनदारांनी घाबरू नये. आकड्यांना हात न लावता, फक्त मथळे बदलून हे काम ३१ मार्चच्या आत आटोपतं.

आधार थेट केंद्र सरकारचा घ्या, म्हणजे कोणी शंका काढणार नाही. २००५-०६ पासून केंद्राच्या अर्थसंकल्पाबरोबर जेंडर बजेटचं विवरणपत्र येतं. भाग अ मध्ये शंभर टक्के स्त्रियांसाठी असलेला खर्च, भाग ब मध्ये ३० ते ९९ टक्के. तिसाच्या खालच्यांसाठी २०२४-२५ पासून भाग ‘क’सुद्धा आहे. ग्रामीण घरकुलांचा पैसा भाग अ मध्ये दाखवला जातो, कारण घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या जोडनावावर असतं. त्याच घरात झोपणारा नवरा हिशोबात येत नाही. ही युक्ती उचला. सभागृहाची रंगरंगोटी? तिथे लग्नं लागतात आणि प्रत्येक लग्नात एक नवरी असतेच. भाग अ.

जे कुठेच बसत नाही, उदाहरणार्थ वीजबिल, ते डोकी मोजून वाटा. सभासदांत ४० टक्के बायका, म्हणजे ४० टक्के वीज बायकांनी जाळली. सभागृह कोणाला, किती तास, किती भाड्याने दिलं याचं रजिस्टर कार्यालयात असतं. ते मात्र उघडू नका, त्यातून खरा वापर कळतो. अकाउंटंट टॅलीमध्ये काम करत असेल तर त्याला कॉस्ट सेंटरची, म्हणजे खर्च कोणासाठी झाला हे वेगळं नोंदवणाऱ्या कप्प्यांची, आठवण करून देऊ नका. दोन-तीन कॉस्ट सेंटर उघडून व्हाउचर टाकतानाच रक्कम विभागली, की वर्षअखेरीला स्त्री-पुरुष तक्ता आपोआप बाहेर पडतो. मग मथळे बदलायला जागाच उरत नाही.

सगळ्यात जपायचं ते पगाराचं पान. तिथे ‘वेतन व मानधन’ असा एकच आकडा छापा. फोड केलीत की दिसेल: कारकून, शिपाई, ड्रायव्हर वेतनावर, दरवर्षी वाढीसह, बालवाडीच्या ताई, ग्रंथपालबाई, वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशी मानधनावर, तेही दहा महिने, कारण मे-जूनमध्ये त्यांना भूक लागत नाही. नऊ जणी दरमहा १५,००० वर असल्या आणि त्यांना वेतनावर घेतलं, तर भविष्यनिर्वाह निधीचा संस्थेचा १२ टक्के वाटा प्रत्येकी १,८०० रुपये येतो. बारा महिन्यांचे नऊ जणींचे १,९४,४०० झाले. एवढी बचत असताना ८ मार्चला प्रत्येकीला गुलाब देण्यात कंजुषी करू नका. गुलाब अर्थातच भाग अ.

बाळंतपणाच्या रजेसाठी तरतूद करू नका. देवाच्या मर्जीला शीर्षक नसतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. २४,००० पगाराच्या शिक्षिकेचे सहा महिन्यांचे १,४४,००० तर द्यावेच लागतात, पण खरी गंमत ‘बदली शिक्षक’ या ओळीत शून्य लिहिण्यात आहे. तिचे तास बाकीच्यांवर पडतात, स्टाफरूममध्ये कुरबूर सुरू होते आणि ‘पुढच्या वेळी पुरुषच घ्या’ हा ठराव तुम्ही न मांडताच तयार होतो. पाळणाघराचा कायदा ५० कर्मचाऱ्यांपासून लागतो. हजेरीपटावर ४९ नावं ठेवून स्वयंपाकघर कंत्राटाला देणाऱ्यांना त्याची चिंता नाही.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. बाहेरच्या सदस्याला २०१३ च्या नियमांत दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च आहे. समिती नेमलीच नाही तर दंड ५०,००० पर्यंत. तरी वाचवायचे ते २०० च.

सभागृहाच्या स्वच्छतागृहांबाबत ‘समान क्षेत्रफळ’ हे शब्द वापरा. एवढ्याच जागेत पुरुषांकडे दोन संडास आणि पाच मुताऱ्या बसतात, बायकांकडे तीन संडास. नाटकाच्या दहा मिनिटांच्या मध्यंतरात बायकांची रांग जिन्यापर्यंत येते, पण खर्च अगदी निम्मा-निम्मा झालेला असतो. आसनं मोजणारा माणूस बांधकाम समितीवर घेऊ नये.

गणेशोत्सवात मांडवाचं बिल येतं, ढोल-ताशाचं येतं, मोदकांचं येत नाही. येऊ देऊ नका. २०२४ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला ते करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटं देतात, करणारे पुरुष ८८. संस्थेत आल्यावर त्यांची सवय मोडू नये. ४०० पानांचा महाप्रसाद केटररकडून १५० रुपयांनी घेतला असता तर ६०,००० लागले असते, ही तळटीप छापायची नाही.

महिलांच्या नावाने काही रक्कम मंजूर करावीच लागेल. करा, दणक्यात करा. स्वसंरक्षण वर्गाला ६०,००० लिहा आणि दिवाळीपर्यंत फाइल पुढे सरकवू नका. फेब्रुवारीत ‘प्रतिसादाअभावी शिल्लक’ असा शेरा मारून पुनर्विनियोजनाने तीच रक्कम पार्किंगच्या पत्र्यांना वळवा. अहवालात मंजूर रकमेचा रकाना ठेवा, प्रत्यक्ष खर्चाचा वगळा.

मुखपृष्ठावर अहिल्यादेवींचं चित्र हवंच. त्यांचा खासगीचा हिशोब दौलतीपासून, म्हणजे राज्याच्या खजिन्यापासून, वेगळा ठेवलेला असे, हे मात्र आत कुठे लिहू नका. वेगळा हिशोब मागायची कल्पना कोणाला सुचायला नको.

वार्षिक सभा रविवारी सकाळी अकराला ठेवा. त्या वेळी घरोघरी कुकर लागलेले असतात. बजेटची प्रत पोह्यांबरोबर हातात द्या, म्हणजे एका हाताने पानं उलटणार नाहीत. तरीही एखादीने उठून स्त्री-पुरुष फोड मागितलीच, तर तिचं मनापासून अभिनंदन करून तीन सदस्यांची उपसमिती नेमा, तिलाच निमंत्रक करा, आणि अहवालाची मुदत पुढचं बजेट मंजूर झाल्यानंतरची ठेवा.