मोदकाने डायबेटीस होत नाही हो!

आज संकष्टी. वाडीत आरतीला गेलो होतो. माझ्या दहा वर्षांच्या पुतण्याने ताटातला मोदक उचलला आणि एक बाई सगळ्यांदेखत वहिनीला म्हणाल्या, "लाडाने गोड भरवलंत, आता भोगतंय पोर." वहिनी खाली मान घालून बसली. मीही तिथे गप्प राहिलो, म्हणून आता लिहितोय.

पुतण्याला टाइप वन डायबेटीस आहे, आणि तो गोड खाऊन होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. थोडा आनुवंशिक भाग असतो, एखादं व्हायरल इन्फेक्शन निमित्त होतं असं डॉक्टर मानतात. यात आईने काय केलं?

दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, हे पोर रात्री तीन-तीनदा उठून तांब्या तोंडाला लावायचं. चार वर्षांपूर्वी सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं. आम्ही म्हटलं, पावसाळी गारठा. दोन माणसांचं जेवायचा तरी चड्डी कमरेवर ठरेना. म्हटलं, उंची वाढतेय. आईने मीठ-मोहरीने दृष्ट काढली. मग एका सकाळी मागच्या न्हाणीत, तो लघवीला बसायचा त्या कोपऱ्यात, मुंग्यांची ही रांग! मी स्वतः चुलीतली राख आणून टाकली. दुसऱ्या दिवशी मुंग्या परत. मी परत राख टाकली.

ती राख अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली तेव्हा गावात जंताचं औषध मिळालं. रत्नागिरीला पोचेपर्यंत त्याला धाप लागलेली, तोंडाला सडक्या फळासारखा वास. तिथे नर्सने बोट टोचून एक थेंब पट्टीवर घेतला. साखर ५०० च्या वर! एवढीच तपासणी होती हो, एका थेंबाची!

टाइप टूमध्ये वजनाचा, खाण्यापिण्याचा संबंध असतो, मान्य. पण हा आजार वेगळा. त्याच बाईंनी जाता जाता कारल्याचा रसही सुचवला. अहो, याला इन्सुलिनच लागतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं, त्याआधी अशी लेकरं वर्ष-दोन वर्षांत जायची.

पोर सारखं पाणी पितंय, सारखं लघवीला जातंय, वाळतंय असं दिसलं तर त्याच दिवशी साखर तपासा. उद्यावर टाकू नका, पाया पडतो.

मघाशी घरी येऊन पुतण्याने स्वतःच इन्सुलिनच्या पेनवर युनिट फिरवले, पोटाला टोचून घेतलं आणि तो मोदक खाल्ला. चंद्रोदय होऊन तास झाला, वहिनीने अजून उपास सोडलेला नाही.