'कोकुमो म्हणजे अमर'? योरुबा नावांच्या यादीत काय चुकतंय

बाळासाठी वेगळं नाव शोधणाऱ्यांमध्ये एक यादी फिरते आहे. नायजेरियातल्या योरुबा लोकांची नावं आणि समोर इंग्रजीत एकेक शब्द: तायवो म्हणजे थोरलं जुळं, केहिंदे धाकटं, बाबातुंदे पुनर्जन्म, कोकुमो अमर. खाली शेरा: 'उच्चार लिहिल्याप्रमाणे'.

तायवो आधी जन्मतो, पण थोरला तो नव्हे. त्याच्या नावाचा अर्थ 'जगाची चव घेऊन बघ', आणि केहिंदे म्हणजे 'मागून आलेला'. योरुबा घरात थोरलेपणाचा मान केहिंदेचा, कारण 'जा, जग कसंय ते बघून ये' म्हणत त्यानंच तायवोला पुढं धाडलं, असं मानतात. जुळ्यांच्या पाठीवरचं मूल इदोवू, त्याच्या पाठीवरचं अलाबा. पायाळू जन्मलं तर इगे. पालथं जन्मलं तर अजायी. १८४३ साली योरुबा शब्दसंग्रह छापणारे सॅम्युअल अजायी क्राउदर यांच्या नावातलं अजायी हेच. ही नावं आईवडील निवडत नाहीत, मूल ती सोबत घेऊनच येतं.

बाबातुंदे हे तर अख्खं वाक्य आहे: 'बाबा परत आले'. आजोबा गेल्यावर जन्मलेल्या नातवाचं हे नाव. आजी गेल्यावर नात झाली तर येतुंदे, 'आई परत आली'. 'पुनर्जन्म' म्हटलं की ते घर आणि ते गेलेलं माणूस, दोन्ही पुसली जातात.

उच्चाराचा शेरा साफ चुकीचा. योरुबात उंच, मधला आणि खालचा असे तीन सूर आहेत. 'ऑकॉ' सपाट म्हटलं तर नवरा, शेवटी सूर चढवला तर कुदळ, उतरवला तर गाडी. दोन्ही 'ऑ'चे मिटते 'ओ' केले तर शेत. इंग्रजी यादीत अक्षरांखालचे ठिपके आणि वरच्या खुणा गाळल्या, की चारही शब्द सारखेच दिसतात.

मला सगळ्यात लागलं ते कोकुमो. याचा अर्थ 'आता हा मरणार नाही'. आधीची मुलं एकामागून एक गेलेल्या घरात हे नाव ठेवतात. आपल्याकडे अशा वेळी दगडू, धोंडू ठेवायचे; तिथली आई मुलाशीच बोलते. दुरोजाये, 'थांब, आयुष्याचं सुख बघ'. मालोमो, 'पुन्हा जाऊ नकोस'. ही दोन नावं त्या यादीत नाहीत.