पायाला कळत नाही, मग दुखतं कसं? वाडीच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यापासून आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मला एकट्याला चार जणांनी पाठवला, त्यातले दोघे मुंबईचे चाकरमानी. थोडक्यात असं लिहिलंय, की मणक्याला मार बसून पाय गेलेल्या माणसाला कमरेखाली दुखूच शकत नाही, तो मनाचा खेळ, आणि दुखलंच तर उलट चांगलं, नस जिवंत होतेय. डॉक्टरच्या नसांच्या गोळ्या घेऊ नका, व्यसन लागतं, त्यापेक्षा 21 दिवस गरम तेलाची मालिश आणि मिठाचा शेक, नस मोकळी. आता दुखतच नाही का दुखणं चांगलं, हे लिहिणाऱ्याने आधी स्वतःशी तरी ठरवायचं ना. असो.

मी देवगडकडचा, सहा वर्षांपूर्वी ऐन एप्रिलात आंब्याच्या कलमावरून पडलो, आंबे काढायचा झेला हातातच होता. रिपोर्टवर डी10, म्हणजे पाठीचा दहावा मणका, असं लिहिलंय, म्हणजे बेंबीखाली कडकडून चिमटा काढलात तरी मला पत्ता लागणार नाही. आणि त्याच पायांना रात्री दोनला, कोणी तळवे तापल्या तव्यावर दाबून धरल्यासारखी आग होते. बेंबीच्या रेषेत वेगळंच, ओला दोरखंड आवळल्यासारखं. आत्या तेव्हा म्हणाली होती, "पायाक कळनाच नाय, मगे दुखता कसा?"

प्रश्न चोख आहे तिचा. तर ही आग पायात लागतच नाही. मज्जारज्जू जिथे तुटला त्याच्या आसपासच्या आणि वर मेंदूतल्या पेशींना खालून सिग्नल यायचे बंद होतात, त्यांच्यावरचा ब्रेकही सुटतो आणि त्या आपल्याआपण पेटत राहतात, मेंदू समजतो पाय जळतोय. 1978 मध्येच मेलझॅक आणि लोझर या दोन संशोधकांनी असे पेशंट नोंदवलेत ज्यांचा रज्जू पूर्ण तुटलेला होता, त्यातला तुकडा ऑपरेशनने काढला तरी पायातलं दुखणं गेलं नाही. मनाचा खेळ वगैरे तिथेच संपतं. हां, झोप झाली नाही, डोकं फिरलेलं असेल तर जास्त दुखतं हे मी पण कबूल करतो, पण मग दाढही तशीच दुखते की, दाढेला कोणी मनाचा खेळ म्हणत नाही.

आणि मी काही एकटा नाही. ऑस्ट्रेलियात सिडल या संशोधकाने मज्जारज्जूला इजा झालेल्या लोकांचा पाच वर्षं पाठपुरावा केला (पेपर 2003 चा), शेवटी शेकडा 81 जणांना कुठे ना कुठे दुखतच होतं.

नस जिवंत होतेय, हे वाक्य मात्र मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण पहिलं वर्ष मी पण त्यावरच काढलं. आग वाढली की आई देवाला नारळ ठेवायची. इजेच्या खाली होणारं हे दुखणं कितीदा तर महिने-वर्षं उलटल्यावर सुरू होतं, त्याचा पाय परत हलण्याशी संबंध लावता येत नाही. उलट दुखणं अचानक बदललं, वाढलं, तर खुश न होता तपासून घ्यायचं, लघवीचं इन्फेक्शन, बेडसोर, नाहीतर रज्जूत पाण्याची पोकळी धरणं, यातलं काही असू शकतं.

गोळ्यांचं. डॉक्टर या दुखण्याला देतात ती प्रेगाबालिन मूळची फिटची गोळी. 2006 चा एक प्रयोग आहे, मज्जारज्जूला इजा झालेले 137 पेशंट, 12 आठवडे, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. दहापैकी साधारण साडेसहा असलेलं दुखणं खऱ्या गोळीने 4.6 वर आलं, खोटीवाले 6.3 ला. म्हणजे जादू नाही, पूर्ण जात नाही, पण साडेसहा आणि साडेचार यात एक रात्रीची झोप बसते हो! झापड येते, गरगरतं, पाय सुजतात, हे पण खरं. व्यसनाची भीती अगदीच खोटी नाही, ब्रिटनने 2019 मध्ये या गोळीवर नियंत्रण आणलंय, म्हणून डॉक्टरला विचारूनच घ्यायची आणि मनाने एकदम बंद करायची नाही, मेसेज वाचून तर नाहीच नाही.

आता शेक. आत्याने मायेनेच केलं, चुलीवर तव्यात खडेमीठ तापवलं, जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधली आणि टाचेला लावून ठेवली, स्वतःच्या गालाला लावून बघितलीन पण आधी. मी टीव्ही बघत होतो. संध्याकाळी भाऊ चादर बदलायला आला तेव्हा त्याला टाचेवर लिंबाएवढा फोड दिसला. मला काहीच कळलं नव्हतं, तीच तर गोष्ट आहे, जिथे भाजलेलं कळत नाही तिथे शेक द्यायचा म्हणजे झोपलेल्याच्या हातावर निखारा ठेवायचा. जखम भरायला तीन महिने गेले आणि रात्री दोनची आग तीन महिने तशीच्या तशी, कारण ती मुळात टाचेत नव्हतीच.

सगळं दुखणं एक नसतं, एवढं जरी त्या मेसेजवाल्याला माहीत असतं तरी चाललं असतं. माझा उजवा खांदा दुखतो तो दिवसभर चाकं ढकलून, अंगणातला उतार आणि वर परत चढ, तिथे ना रज्जूचा दोष ना त्या गोळीचा उपयोग. त्याला व्यायाम लागतो, अमेरिकेत 80 व्हीलचेअरवाल्यांवर बघितलंय, घरी 12 आठवडे व्यायाम आणि चाक ढकलायची पद्धत सुधारून खांद्याचं दुखणं एक तृतीयांशावर आलं. मला फिजिओने रबरी पट्टा दिलाय, तो मी ओटीवरच्या खांबाला बांधतो.

तेल घेऊन आत्या अजून येते. फक्त आता खांद्याला चोळते, तिथे गरम किती ते मी तिला सांगू शकतो.