शरणपूरच्या चर्चबद्दल फिरणारा मेसेज खोटा आहे

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की शरणपूरचं चर्च मूळ पोर्तुगीजांचं, मग इंग्रज सरकारने ते सोजिरांसाठी ताब्यात घेतलं, ते बांधायला सगळं विलायतेहून आणलं आणि तिथे आफ्रिकी गुलाम राबवले. मी नाशिककर आहे, आणि आपल्याच गावाबद्दल हे असं पसरलेलं मला सहन होत नाही.

पोर्तुगीज वसईत होते, तेही 1739 पर्यंत, आणि ते कॅथलिक. नाशिक 1818 पर्यंत पेशव्यांकडे होतं. इथे पोर्तुगीज चर्च येणार कुठून?

सरकारचं म्हणाल, तर शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत. ही संस्था 1799 मध्ये लंडनला निघाली आणि वर्गणीवर चालायची. कंपनी सरकारला तर मिशनरी नकोच होते; 1813 च्या सनदेने त्यांना वाट मिळाली. नाशिकात मिशनचं काम 1832 पासूनचं. पुढे 1850 च्या दशकात शरणपूर वसलं ते मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी आणि अनाथ मुलांसाठी. तिथे छावणी नव्हती.

टोकदार कमानी आणि लांबट सभागृह ही घडण विलायती, हे मान्यच. पण आपल्याकडच्या जुन्या मिशन चर्चची भिंत हात लावून पाहा. काळा दगड इथलाच, चुना इथला, छत पेलणाऱ्या कैच्या सागाच्या. मंगलोरी कौलंही मंगळूरचीच. बासेल मिशन या युरोपीय मिशनरी संस्थेने तिथे 1865 मध्ये कारखाना काढला होता.

आता गुलामांचा मुद्दा. इथे मेसेजने सत्य पार उलटं केलंय. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमार गुलामांची जहाजं पकडायचं. त्यातून सुटलेली आफ्रिकी मुलं शरणपूरच्या आश्रमात आली, शाळा शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली. त्यांना नवा धर्म मिळाला तो त्यांची इच्छा विचारून नव्हे. त्यावर टीका जरूर करा, पण त्यांना गुलाम म्हणू नका. 1865 मध्ये प्रसिद्ध ब्रिटिश मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनने आपल्या आफ्रिकेतल्या मोहिमेसाठी इथली मुलं निवडली. इथेच शिकलेला जेकब वेनराइट नंतर त्याला जाऊन मिळाला. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा झाडावर त्याचं नाव आणि तारीख कोरली ती वेनराइटने. तो शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला आणि 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी चर्चमध्ये दफनाच्या वेळी ती पेटी सांभाळणाऱ्यांत उभा होता. अशाच सुटका झालेल्यांपैकी विल्यम जोन्स शरणपूरला लोहारकी शिकला, 1864 मध्ये केनियातल्या मोंबासाजवळच्या रबाईला गेला आणि पुढे तिथेच पाळक झाला. 1874-75 मध्ये शरणपूरचे मिशनरी प्राइस यांनी मोंबासासमोर सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वस्ती वसवली, तेही नाशकात शिकलेल्या आफ्रिकी मंडळींच्या बळावर. केनियात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत.