हरिश्चंद्रगडावर शनिवारी कसे जावे

थंडी पडली, म्हणजे मुंबईत पंखा पाचावरून दोनावर आला, की सह्याद्री तुम्हाला हाक मारतो. ही हाक हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड होऊन येते. ट्रेकिंग क्लबने गडाच्या कोकणकड्यावर मुक्काम ठेवलेला असतो. नाव सगळ्यांत आधी नोंदवा, पैसे लीडरने तीनदा मागितल्यावर द्या आणि 'ट्रेक सोपा आहे ना?' हे निघायच्या रात्री गाडीत बसल्यावर विचारा. लीडरने आठवडाभर आधी पाठवलेली सूचनांची यादी चुकूनही उघडू नका. तिच्यात हेडटॉर्च, कानटोपी, स्लीपिंग बॅग, तीन लिटर पाणी असला निराशाजनक मजकूर असतो. मोबाइलला टॉर्च आहे, क्लबकडे तंबू आहे, आणि पाणी काय, कुणीतरी आणतंच.

बूट नवे कोरे हवेत. पायाला सरावलेले जुने बूट घातले, तर संध्याकाळी फोड कुणाला दाखवणार? आत सुती बनियन, खाली जीन्स. चढताना ती घामाने चिंब होतील आणि सुकणार नाहीत; मग रात्री कड्यावर वारा सुटला की तोच घाम हाडापर्यंत कसा पोचतो, हे निवांत अनुभवता येईल.

वाट अर्थातच पाचनई गावाकडची, सोपी. मात्र गाडीत चर्चा अवघड नळीच्या वाटेची करावी. तिकडे आपण गेलो नसलो तरी 'पाचनई म्हणजे काय, जिनाच तो' असं म्हणायला कुणाची हरकत नाही. त्या जिन्यावर वीस मिनिटांत धाप लागली की 'अजून किती?' हा प्रश्न लीडरला विचारू नका, तो बिचारा कंटाळलेला असतो. डोक्यावर पाण्याच्या बाटल्यांचं खोकं घेऊन तुम्हाला मागे टाकणाऱ्या पाचनईच्या मावशींना विचारा. पुढे माथ्यावर त्याच खोक्यातली बाटली त्या विकायला बसतील. तेव्हा बाटली उलटसुलट करून छापील किंमत वाचा आणि 'एवढे कसे हो, मावशी?' असा हिशेब मागा. परतल्यावर मॉलमध्ये पॉपकॉर्न घेताना हा बाणेदारपणा आवरता घेतला तरी चालेल.

केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतकं बर्फगार पाणी आहे, मधोमध भलंमोठं शिवलिंग, आणि चार खांबांपैकी एकच धड उभा. तो पडला की कलियुग संपेल, असं म्हणतात. त्याला रेलून फोटो काढावा. युगान्त आपल्या खांद्याने झाला तर तेवढीच रील चालेल.

कोकणकड्यावर मात्र वेळ काढा, कारण इथे तुमच्या कर्तृत्वाला खरा वाव आहे. हा कडा आत वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा. खालून कोकणातलं वारं त्यात कोंडतं आणि सरळ वर उसळतं. त्यामुळे वेफर्सचं रिकामं पाकीट दरीत फेकलं तर ते पुष्कळदा तुमच्याच तोंडावर परत येतं. कड्याला शिस्त आहे. तुम्ही हार मानू नका, आत दगड घालून फेका. कर्नल साइक्स या साहेबाला इथून इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य दिसलं, असं सांगतात. त्यासाठी पाठीशी ऊन आणि समोर दरीत धुकं लागतं, आणि तो योग बहुधा पावसाळ्याच्या आसपासच येतो. तरी जानेवारीत लीडरकडे त्याची मागणी करा. पैसे भरलेत तुम्ही.

रात्री पिठलं-भाकरी आली की पनीर नाही का, एवढं विचारून घ्या. मग शेकोटी. हिवाळ्यात गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका ठिणगीने वणवा लागतो, म्हणून लीडर नको म्हणेल. त्याच्याकडे बघून हसा आणि कारवीच्या काटक्या मोडायला लागा. चांगदेवांनी याच गडावर तप केलं म्हणतात. त्यांना ब्लूटूथ स्पीकर मिळाला नव्हता, ती उणीव भरून काढा. शेजारच्या तंबूतलं कुणी चांदणं बघायला आलं असेल, तर त्यालाही तुमची गाणी आवडतीलच. दोन वाजता स्पीकर आपोआप बंद पडेल, तेव्हा मोबाइलवर लावा. थंडीत बॅटरी भराभर उतरते, असं जाणकार म्हणतात. म्हणोत.

पहाटे तारामती शिखरावरून सूर्योदय बघायला सगळे साडेपाचला निघणार असतात. तुम्ही पाचलाच एकटे सटका. रीलमध्ये दुसऱ्याचं डोकं यायला नको. लीडरला सांगायची गरज नाही, तो उगाच अडवेल. टॉर्च दहा मिनिटांत विझेल आणि तुम्ही देवळामागच्या रानात कुठेतरी असाल. घाबरू नका. लीडर माणसं मोजेल, एक कमी भरेल, मग तो झापांत, म्हणजे गडावरच्या झोपड्यांत, झोपलेल्या पाचनईच्या पोरांना उठवेल. आदल्या दिवशी सिलिंडर खांद्यावरून वर आणलेली ती पोरं तुमच्या नावाने हाका मारत कारवीत शिरतील. त्यांनी तुम्हाला शोधून काढलं, की आधी सांगा की तुम्ही हरवला नव्हताच, जरा पुढचा रस्ता बघत होता. मग चार्जर आहे का विचारा.