तुमचा चेंडू आता डावीकडे का जातोय

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि आज सकाळी दोन्ही कोचना शेजारी बसवून तुमचे सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले. तुम्ही लिहिलंय की गोल्फच्या सहा सेशनचे पैसे भरले, त्यातली चार 7 आयर्नने (मधल्या लांबीचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) अर्धा स्विंग करण्यात गेली, ड्रायव्हर (सगळ्यात लांब क्लब) शेवटी हातात मिळाला, स्लाइस, म्हणजे चेंडूचं हवेत उजवीकडे वळत जाणं, पूर्ण गेलाच नाही आणि वर आता चेंडू मधूनच सरळ डावीकडच्या जाळीत जातो. शिवाय एका कोचने ग्रिप बदलायला लावली, दुसऱ्याने खांद्याचं सांगितलं.

यातली शेवटची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि चूक आमची आहे. दोन्ही सूचना बरोबर होत्या, पण दोन तोंडांनी, एकाच आठवड्यात आणि त्यांचा एकमेकींशी काय संबंध आहे ते न सांगता दिल्या गेल्या. शिकणाऱ्याने गोंधळायचं नाही तर काय करायचं? मनापासून माफी मागतो.

आता डावीकडे जाणाऱ्या चेंडूबद्दल. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा भाग) जिकडे बघत असेल तिकडे, आणि हवेत वळतो तो फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. तुम्ही आलात तेव्हा तुमचा क्लब बाहेरून आत, चेंडूला कापत येत होता आणि फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा, म्हणजे उजवीकडे बघणारा असायचा. म्हणून चेंडू उजवीकडे वळत जायचा. ग्रिप सुधारली तसा फेस मार्गाशी जुळला, मार्ग मात्र अजून पुरता सुधारलेला नाही. त्यामुळे चेंडू न वळता सरळ डावीकडे जातो. म्हणजे तुमची मेहनत वाया गेलेली नाही, दोनपैकी एक गोष्ट झाली आहे. हे त्याच दिवशी तुम्हाला सांगायला हवं होतं.

ड्रायव्हर उशिरा दिला, तो निर्णय मात्र मी आजही तसाच घेईन. ड्रायव्हरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, कमी, त्यामुळे तीच चूक त्यात कितीतरी मोठी दिसते. मग उजवीकडच्या धास्तीने माणूस उभा राहतानाच डावीकडे वळतो आणि क्लब आणखीच आडवा येतो. तुमच्या पहिल्या व्हिडिओत नेमकं हेच आहे: पाचव्या चेंडूपर्यंत तुमचे खांदे जाळीच्या खांबाकडे वळले होते.

तिसऱ्या सेशनमध्ये चेंडूच्या पलीकडे, क्लबच्या टोकापासून दोन बोटांवर रिकामा खोका ठेवला होता, आठवतंय? पहिल्या दहा स्विंगमध्ये तो सात वेळा उडाला. खाली येताना कंबर फिरायच्या आधीच तुमचा उजवा खांदा चेंडूकडे झेपावत होता. तुम्ही बरीच वर्षं लेदर बॉलने खेळला आहात, आणि चेंडूला पुढे जाऊन गाठायची ही ओढ क्रिकेटमधून आलेल्या बऱ्याच जणांत मी पाहतो. त्याच सेशनच्या शेवटच्या दहात खोका दोनदाच उडाला. ही प्रगती आहे सर, आणि ती मला जवळून दिसली आहे.

उरलेल्या स्लाइसचं कारण आज सापडलं. शेवटच्या सेशनला ड्रायव्हरच्या फेसवर पावडर मारली होती, त्या फोटोत जवळजवळ सगळे ठसे हीलकडे, म्हणजे फेसच्या दांड्याजवळच्या टोकाला आहेत. हीलवर बसलेला चेंडू उजवीकडची फिरकी आणखी वाढवतो. हा फोटो काढून ठेवला आणि कोणी नीट पाहिलाच नाही, हीसुद्धा आमचीच हलगर्जी.

पुढची दोन सेशन मी स्वतः घेईन, त्याचे पैसे नाहीत. तोवर रेंजवर आलात तर ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या. 7 आयर्न घ्या, उजवा पाय अर्धा फूट मागे ओढा आणि निम्म्या वेगाने एक बकेट चेंडू मारा. शनिवारी सकाळी साडेसहाला जमेल का? त्या वेळी डावीकडची शेवटची मॅट रिकामी असते, ती तुमच्यासाठी राखून ठेवतो.